अ‍ॅपमध्ये 'गोवा' टाकलं की फक्त ट्रान्सच का येतं? आणि नाट्यपदं कुठल्या खान्यात टाकू?

सांखळी७२

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

बाबांच्या कॅसेटी डिजिटल करायला घेतल्यात. १४० आहेत, बहुतेक सी-६० आणि सी-९०. इतकी वर्षं माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होत्या आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे, निम्म्यांच्या टेपवर पांढरी बुरशी धरलीय. आधी पेन्सिल घालून हाताने पुढे-मागे फिरवायची, मग बुरशी हळूच पुसायची, काहींची आतली स्पंजची पट्टी गळून पडलीय ती दुसऱ्या फालतू कॅसेटीतून काढून चिकटवायची, आणि मग एकदाची लावायची. आवाज दबका यायला लागला तर प्लेअरच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवला की ऑर्गनच्या वरच्या पट्ट्या एकदम उघडतात, तो क्षण फार छान असतो. तर आतापर्यंत ६० झाल्यात.

प्रश्न असा की फाईल सेव्ह करताना अ‍ॅप 'प्रकार' विचारतं. मी आपला 'गोवा' असं टाइप करायला गेलो तर खाली एकच पर्याय आला, 'गोवा ट्रान्स', म्हणजे किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतलं ते इलेक्ट्रॉनिक संगीत. दुसरं काहीच नाही! समोर टेबलावर अभिषेकीबुवांची कॅसेट, बाबांच्या अक्षरात लिहिलेली, 'मत्स्यगंधा, बाजू अ, शेवटचं पद अर्धं', आणि स्क्रीनवर हे. खरं सांगतो, वाईट वाटलं. बुवा मंगेशीचे, दीनानाथ मंगेशीचे, केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, रामदास कामत आमच्या सांखळीचे, आणि जगाला गोवा म्हटल्यावर ऐकू काय येतं तर धम धम धम.

माझं म्हणणं सरळ आहे. ट्रान्सच्या त्या अल्बमांवर एक तरी गोंयकाराचं नाव दाखवा. कंपन्या लंडनच्या, वाजवणारे इंग्लंडचे, इस्रायलचे. आपला फक्त किनारा वापरला आणि नाव घेऊन गेले. त्याला 'गोव्याचं संगीत' म्हणायचं नाही असं मला वाटतं.

आणि दुसरं, नाट्यपदांना काय लिहू? भाचा म्हणतो 'भक्ती' टाक, कारण निम्म्या पदांत देवाचं नाव आहे. मी 'शास्त्रीय' टाकत होतो. तुम्ही सांगा.

---

हणजुणकार

सांखळीबाब, तुमच्या बाबांच्या कॅसेटींचं काम फार मोलाचं आहे, ते आधी सांगतो. पण ट्रान्सबद्दल जे लिहिलंय ते मला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी हणजुणेचा, म्हणजे अंजुनाचा. आमच्या घरापासून डोंगर उतरला की पार्टीची जागा. माझी आई तिथे चटई घालून बसायची, रॉकेलची चिमणी, स्टोव्ह, चहा, ऑम्लेट, केक. गावातल्या पंधरा-वीस बायका अशा ओळीने बसायच्या. परदेशी लोक त्यांना 'चाय मामा' म्हणायचे. मी सहा-सात वर्षांचा असेन, आईच्या मागे गोधडीत झोपायचो आणि ते बेस जमिनीतून पाठीत शिरायचे. माझ्या शाळेची फी त्या चटईवरून आली. तेव्हा 'फक्त किनारा वापरला' हे मला पटत नाही, किनाऱ्यावर आम्ही होतो.

आता संगीताचं बोलू. हे लंडनमध्ये तयार होऊन इथे आलं असं नाही, उलटं झालं. साठीच्या शेवटापासून हिप्पी कळंगुट, बागा, हणजुण या पट्ट्यात यायला लागले तेव्हा रॉक वाजत होतं. ऐंशीच्या दशकात ते इलेक्ट्रॉनिक झालं. वाजवणारे लोक युरोपातली गाणी घ्यायचे, त्यातला गाण्याचा भाग कापून टाकायचे आणि नुसतं वाद्यांचं लांब करून रात्रभर चालवायचे. आणि ते विनाइलवर नाही, डॅट टेपवर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटीवर. या उन्हात आणि धुळीत विनाइलच्या तबकड्या वाकतात म्हणून डॅट. आता डॅटवर गती कमी-जास्त करून दोन गाणी ठोक्याला ठोका जुळवता येत नव्हती, म्हणून मग प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याशिवायचा लांब तुकडा ठेवायची पद्धत पडली, म्हणजे एकाचं धुकं दुसऱ्याच्या धुक्यात मिसळायचं. तुम्ही जुने अल्बम ऐका, तो लांब आलापासारखा भाग आहे ना, त्यात आपल्या उन्हाचाही वाटा आहे. हे ऐकल्यावरही 'नाव घेऊन गेले' म्हणणार का?

१९९५ चा हॅलुसिनोजेनचा 'ट्विस्टेड' एकदा हेडफोन लावून पूर्ण ऐका. ड्रॅगनफ्लाय रेकॉर्ड्स, लंडन, कबूल. सायमन पॉसफर्ड इंग्लंडचा, तेही कबूल. पण 'धम धम धम' म्हणू नका. ठोका एकच असतो, त्याच्यावर ३०३ ची, म्हणजे त्या बेस सिंथेसायझरची, ओळ हळूहळू उघडत जाते ती ऐकायची असते. आठ-नऊ मिनिटांत एक स्वर कसा कसा फिरवला ते बघायचं.

आणि गोवा गिल. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, पण आयुष्य इथे काढलं आणि २०२३ मध्ये इथेच वारले. त्यांना गोंयकार म्हणायचं की नाही हे मी ठरवणार नाही, पण त्यांचं संगीत गोव्याचं नाही असं मला म्हणवत नाही.

---

पेटीवाला_फोंडा

दोघांचंही वाचलं. मी ३१ वर्षं मुलांना पेटी शिकवतोय आणि जत्रेच्या नाटकांना ऑर्गनवर बसतोय, तेव्हा आधी नाट्यपदांचं सांगतो.

'भक्ती' लिहू नका. पदात देवाचं नाव आलं म्हणून ते भजन होत नाही. भजन ऐकायचं तर श्रावणात वास्कोच्या सप्ताहात जा. तिथल्या पारांवर बसून ऐका, टाळ-मृदंगाची जी दाटी असते ती वेगळीच गोष्ट.

'शास्त्रीय' पण लिहू नका, आणि हे मी जास्त जोर देऊन सांगतोय, कारण चांगली चांगली माणसं ही चूक करतात, त्यांना वाटतं शास्त्रीय म्हटलं की मान दिला. अहो नाट्यपदाला उसना मान कशाला हवा? ख्यालात गायक चीज घेतो आणि राग उलगडतो, शब्द मागे पडले तरी चालतं. पदात एक पात्र उभं असतं. त्याला त्या क्षणी काहीतरी म्हणायचंय, म्हणून ते गातं. तान घ्यायची पण ती रागावलेल्या माणसाची किंवा विरहातल्या बाईची तान हवी. हे मुलांना शिकवायला सगळ्यात अवघड जातं, तान बसते पण पात्र पळून जातं.

आणि 'नाट्यसंगीत' म्हणजे एकच एक गोष्ट आहे असंही नाही. १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल आलं तेव्हा चाली कीर्तनाच्या, लावणीच्या, कर्नाटकी, जिथून मिळाल्या तिथून घेतल्या. एकेका नाटकात शंभराच्या आसपास पदं, लोक रात्रभर बसायचे. मग १९१६ च्या स्वयंवरला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशीच रंगभूमीवर आणल्या. मग दीनानाथांची ती पंजाबी वळणाची चपळ गायकी, ती पुन्हा निराळी. आणि १९६४ च्या मत्स्यगंधामध्ये अभिषेकीबुवांनी सगळंच आवरतं घेतलं, पद छोटं, शब्द स्वच्छ, भाव पुढे. 'गर्द सभोवती' आशालताबाईंनी कसं म्हटलंय आठवा, त्याला शास्त्रीय म्हणायचं की भावगीत? दोन्ही नाही, ते नाट्यपद आहे. बरं आशालताबाई पण गोव्याच्याच.

अजून एक. १९६७ च्या कट्यारमध्ये बुवांनी 'घेई छंद मकरंद' या एकाच पदाला दोन चाली दिल्या, एक नाटकातल्या पंडितजींची आणि एक खाँसाहेबांची. शब्द तेच, घराणं बदललं, माणूसच बदलतो. सांगा, अ‍ॅपच्या एका खान्यात हे कसं बसवणार? नाटकाचा विषयच तो वाद आहे.

माझा सल्ला, प्रकारात 'नाट्यपद' हाताने टाइप करा. यादीत नसलं तर नसू दे.

ट्रान्सबद्दल रात्री लिहितो, आता शिकवणी आहे.

---

मडगावची_व्हायोलिन

अरे, तुम्ही 'गोव्याचं' म्हणून भांडताय आणि निम्मा गोवा वगळूनच टाकलात की! आपली कोकणी गाणी, मांडो कुठे? दुलपद, देखणी? चतुर्थीला आरतीनंतर घुमट (मातीचं चर्मवाद्य), शामेळ आणि कांसाळ्यांवर जी सुवारी वाजते तिचं काय? २०१९ मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्य जाहीर केलं, पण अ‍ॅपमध्ये सुवारी असा प्रकार मला कधी सापडला नाही.

मी मांडोच्या ग्रुपात व्हायोलिन वाजवते. मांडो संथ, सहा मात्रांचा, लोटली-कुडतरी-राय या भागात वाढलेला, आणि त्याच्या पाठोपाठ दुलपद येतं ते उड्या मारत. या दोघांमधली जी जागा आहे ना, मांडो संपतो, सगळे एक श्वास घेतात आणि घुमटवाला हात उचलतो, त्या जागेसाठी मी वाजवते. आता हे डिजिटल करताना लोक मांडो एक फाईल आणि दुलपद दुसरी फाईल असं तोडतात, मध्ये शांतता टाकतात. ती माझ्या मते प्रकार चुकवण्यापेक्षा मोठी चूक आहे.

आणि कोकणी पॉप गाणाऱ्या लॉर्नाची ख्रिस पेरीबरोबरची गाणी 'लोकसंगीत' म्हणून टाकलेली मी तीन ठिकाणी बघितली. ट्रंपेट, सॅक्सोफोन, तो सगळा जॅझचा ठेका, ते लोकसंगीत कसं? भाषा कोकणी असली की लोकसंगीत, असं गणित करतात हे लोक. मराठी पदांना 'भक्ती' आणि कोकणी पॉपला 'लोक', एकच रोग आहे.

सांखळीबाब, तुमच्या एका मुद्द्यावर बोलते. 'गोंयकाराचं नाव दाखवा' ही कसोटी लावली तर फार लांब जावं लागेल. ट्रंपेटवाले चिक चॉकलेट हळदोण्याचे, १९५१ च्या अलबेलात सी. रामचंद्रांबरोबर होते. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन सेबास्तियन डिसोझांचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि ज्यांचं नाव १९७७ मध्ये त्या प्रसिद्ध गाण्यात घातलं. मग ही सगळी हिंदी गाणी 'गोव्याचं संगीत' या खान्यात टाकायची का? मला आवडेल, पण तुम्ही टाकणार नाही ना?

---

सांखळी७२

मडगावबाय, मांडो राहिला ही माझी चूक, मान्य. बाबांच्या ट्रंकेत नव्हता म्हणून डोक्यात आला नाही. आणि फाईल तोडण्याचं जे सांगितलं ते बरं झालं, कारण मी नाटकातले संवाद कापून फक्त पदं ठेवत होतो. ११ कॅसेटी तशा केल्यात, त्या पुन्हा करतो.

पेटीवालेबाब, 'नाट्यपद' पटलं. आमच्याकडे घरात 'पदं लाव' असंच म्हणायचे, शास्त्रीय वगैरे कोणी म्हटलं नाही कधी.

हणजुणकारबाब, तुमच्या आईचं वाचून मी थोडा वेळ काही लिहू शकलो नाही. 'फक्त किनारा' हे शब्द मागे घेतो. 'ट्विस्टेड' पण काल ऐकला, पूर्ण. आवडला म्हणत नाही, पण ती ओळ उघडते म्हणजे काय ते कळलं, चौथ्या-पाचव्या मिनिटाला कळलं. तरीही माझी तक्रार जागेवर आहे. ट्रान्स गोव्याचं म्हणा, पण गोवा म्हणजे ट्रान्स असं झालंय त्याचं काय? त्या यादीत एकच पर्याय आला.

---

पेटीवाला_फोंडा

शिकवणी संपली, जेवलो, आता लिहितो.

सांखळीबाब, जागेच्या नावाचं एक सांगतो, तुम्हाला कदाचित आवडणार नाही. केसरबाई आणि मोगूबाई, दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, म्हणजे घराणं कुठलं? जयपूर-अत्रौली. जयपूर राजस्थानात, अत्रौली उत्तर प्रदेशात. खाँसाहेबांनी शिकवलं कोल्हापुरात आणि मुंबईत. आणि त्या घराण्याचे सगळ्यात मोठे आवाज आले केरीतून आणि कुर्डीतून, पुढे मोगूबाईंच्या किशोरीताई. नावात गोवा कुठेच नाही! आता जयपूरच्या माणसाने उठून म्हटलं की या बायका आमच्या नव्हेत, आमच्या गावाचं नाव घेऊन गेल्या, तर? आपण किती चिडू. गाण्याच्या नावात गाव येतं ते पत्त्यासाठी येत नाही. कुठे तरी काही तरी सुरू झालं एवढीच खूण असते ती. त्यामुळे हणजुणेच्या मुलाचं म्हणणं मला पटतं, जरी मला ते संगीत दहा मिनिटं सुद्धा सोसत नाही.

आणि खान्यांचंच म्हणाल तर, १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहां हो', साडेतीन मिनिटं. तिच्या यादीत काय लिहिलंय? भारत, राग, चीज आणि गाणारीचं नाव. बस. गोवा नाही, घराणं नाही, शास्त्रीय नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. मला त्या यादीवर राग नाही, नाव बरोबर लिहिलंय ना, सुरश्री केसरबाई केरकर, केरी आपोआप आली त्यात.

---

हणजुणकार

पेटीवालेबाब, देव बरें करूं. हे घराण्याचं मला माहीतच नव्हतं.

एक गोष्ट मनात आली ती लिहितो. तुम्ही भैरवी म्हणालात. रात्रभर नाटक चाललं की शेवटी उजाडताना भैरवी, बरोबर? आमच्याकडे पण पहाटेचं संगीत वेगळं. रात्री काळोखं, टोकदार वाजवायचं आणि सूर्य वर आला की सुरेल, मोकळं. जुने वाजवणारे सकाळचे डॅट वेगळे ठेवायचे. आई सांगायची की सकाळचं सुरू झालं की ती शेवटचं चहाचं पाणी चढवायची, तिला गाण्यावरून वेळ कळायची.

आणि आता रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद. झोपणाऱ्या माणसाच्या बाजूने ते बरोबर आहे, मी विरोधात नाही, आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी फार सोसलंय. पण रात्रभर चालायचं संगीत संध्याकाळी ४ ला सुरू करून १० ला बंद केलं की पहाटेचा भागच उरत नाही. हल्लीच्या पार्ट्यांत सकाळचं संगीत ऐकलेली पोरं मला भेटत नाहीत.

---

पेटीवाला_फोंडा

जत्रेच्या नाटकांचं पण तेच. आधी पालखी, मग आरती, मग पडदा वर जायला साडेअकरा-बारा वाजायचे आणि कोंबडा आरवताना भरतवाक्य. आता सणाला सवलत मिळाली तरी मध्यरात्रीपर्यंतच, म्हणून पदं कापतात. पहिली कापतात ती दुसऱ्या अंकातली संथ पदं. माझ्या वहीत ज्यांच्यावर काट मारलीय अशी ४० तरी पदं आहेत, गेली दहा-बारा वर्षं कुणी गायली नाहीत.

सांखळीबाब, तुमच्या ट्रंकेत जत्रेतलं रेकॉर्डिंग आहे का? कंपनीच्या कॅसेटी कुठेही मिळतील. मला जत्रेतली हवीत.

---

सांखळी७२

आहे! आणि त्यासाठीच परत आलो.

कॅसेट क्रमांक ६१. वर बाबांनी फक्त 'देवळात, दुसरी रात्र' एवढंच लिहिलंय, साल नाही. काल रात्री लावली. बाजू अ वर सौभद्र आहे, टेपरेकॉर्डर ऑर्गनच्या अगदी जवळ ठेवलेला असावा कारण पायाच्या भात्याचा धप धप आवाज पदापेक्षा मोठा येतो. मध्येच एक मूल रडतं, कुणीतरी 'शूऽऽ' करतं, बाहेर फटाक्यांची माळ लागते आणि सुभद्रेचं काम करणारी मुलगी थांबत नाही, माळ संपेपर्यंत ती एकाच स्वरावर उभी राहते आणि मग पुढचा शब्द घेते. वन्समोर मिळतो. दुसऱ्यांदा ती तीच जागा फटाके नसतानाही तशीच घेते. मी चार वेळा ऐकलं.

काहीही कापलं नाही. पूर्ण ४६ मिनिटांची एक फाईल ठेवलीय. प्रकारात 'नाट्यपद' लिहिलंय आणि दुसऱ्या खान्यात 'जत्रा'. 'गोवा' असं टाकून बघितलं तर पुन्हा ट्रान्सच आलं, पण आता माझ्या फाईलीपण त्याच्या खाली दिसायला लागल्यात, ६१ च्या ६१.

पेटीवालेबाब, तबलजी डग्ग्यावर एक विशिष्ट घिस्सा देतोय, प्रत्येक अंतरा संपताना. अशी सवय असलेला फोंडा-डिचोली भागातला जुना वाजवणारा तुमच्या ओळखीत कोण होता का? फाईल पाठवतो, हेडफोन लावून ऐका, १७ व्या मिनिटाला सगळ्यात स्पष्ट आहे.